फुप्फुसाचा सेट

९ जानेवारी

आज साहेबांनी सगळ्यांसमोर माझ्या खांद्यावर हात ठेवला. अकरा माणसं बघत होती. मी मोजली.

साहेब म्हणजे आमच्या सिनेमाचे दिग्दर्शक. म्हणाले, "कलादिग्दर्शक हा. सेट याच्या डोक्यातून येणार. मोठा भाऊ याच्या हाताखाली साचेकाम बघेल." मी मान हलवली. दादाकडे बघायचं धाडस झालं नाही. खरं सांगायचं तर बघावंसंही वाटलं नाही.

दादा माझ्याहून अकरा वर्षांनी मोठा. आई-बाबा गेल्यावर त्यानेच मला वाढवलं. प्लास्टर कसं कालवायचं, साचा न तुटता कसा सोडवायचा, तारेच्या जाळीला बाक कसा द्यायचा, सगळं त्याच्याकडून शिकलो. सतरा वर्षं या धंद्यात आहे आणि सतरा वर्षं माझी ओळख एकच, "त्याचा धाकटा भाऊ". आजपासून तो माझा मोठा भाऊ.

घरी येताना दादा म्हणाला, "चांगलं झालं रे छोट्या. मला नाहीतरी त्या मीटिंगा सोसत नाहीत. माझे हात मोकळे राहतील." हे मनापासून होतं की मला बरं वाटावं म्हणून, कळलं नाही. त्याचं सगळं असंच. समोरच्याला रागवायला जागाच ठेवत नाही.

बातमी ऐकून वहिनींनी आज पहिल्यांदा माझ्या ताटात आधी वाढलं.

१७ जानेवारी

सिनेमाची गोष्ट थोडक्यात लिहून ठेवतो. एक शास्त्रज्ञ बाई बेशुद्ध पडलेली असते. तिच्या फुप्फुसात खोल कुठेतरी एक विषारी कण अडकलाय, बाहेरून कापून काढता येत नाही. मग तिचे चार सहकारी स्वतःला धुळीच्या कणाएवढं करून घेतात आणि तिच्या श्वासाबरोबर नाकातून आत शिरतात. नळ्यांच्या जंगलातून खाली उतरतात, कण शोधतात आणि शेवटी तिला खोकला आला की त्या वादळात बाहेर फेकले जातात. गंमत म्हणजे तिच्या शरीराला हेच चौघे शत्रू वाटतात, त्यामुळे वाटभर तेच यांच्या अंगावर धावून येतं.

म्हणजे नाक, घसा, श्वासनळी आणि फुप्फुस, सगळं आम्ही बांधायचं. माणसं उभी राहू शकतील एवढं मोठं, ओलं दिसणारं आणि हलणारं. साहेब म्हणाले, "प्रेक्षकाला खुर्चीत धाप लागली पाहिजे. नाही लागली तर तू नापास."

शहराबाहेर एक रिकामं गोदाम मिळालंय. उंच पत्र्याचं छत, एक मोठं शटर, भिंतीत वर चार एक्झॉस्ट पंखे. दादाने आत शिरल्याशिरल्या मान वर करून आधी पंखे बघितले. मी आधी छताची उंची बघितली. दोघांच्या नजरेतला फरक साहेबांच्याही लक्षात आला असेल.

२९ जानेवारी

कामाला वेग आलाय. लाकडाचा सांगाडा, त्यावर जाळी, जाळीवर फोम. दोन पिंपांतली रसायनं एकत्र केली की दूध उतू जावं तसा फोम फुगून वर येतो, आणि दहा मिनिटांत कडक होतो. त्याला कोरून आकार द्यायचा, वर पातळ रबराचे सहा थर फवारायचे. कातडी जिवंत दिसते. काल श्वासनळीच्या आत उभा राहिलो तर मलाच मळमळलं. इतकं चांगलं झालंय.

फवारणी दादाच करतो. दुसऱ्या कोणाचा थर एकसारखा बसत नाही. मी करून बघितली होती, माझे ओघळ येतात. हे फक्त इथे लिहितोय.

४ फेब्रुवारी

पंख्यांचा प्रश्न मी सोडवला.

ओल्या रबरावर वाऱ्याने सुरकुत्या पडत होत्या, वर धूळही बसत होती. दोन दिवसांचं काम फाडून टाकावं लागलं. साहेब सगळ्यांच्या देखत म्हणाले, "ही फुप्फुसं नाहीत, वाळत घातलेली चादर आहे." माझे कान लाल झाले. रात्रभर विचार केला आणि सकाळी मीच चारही पंखे बंद केले, भोकांवर घोंगड्या ठोकल्या, शटर खाली ओढलं.

दादा म्हणाला, "छोट्या, आत वास कोंडतो. निदान दोन तरी चालू ठेव."

"वास कोंडतो म्हणून पिक्चर थांबवू?"

"थांबवू नको. मी आपलं सांगितलं."

संध्याकाळी कातडी आरशासारखी निघाली. साहेबांनी बोट फिरवून बघितलं. "कोणाची कल्पना?" मी म्हणालो, माझी. जेवताना वहिनींना सगळं रंगवून सांगितलं, कोणते पंखे, कशा घोंगड्या, साहेब काय म्हणाले. दादा खाली मान घालून जेवत होता. वहिनी म्हणाल्या, "मग हवा कुठून येते आत?" बायकांना नेमका नको तो प्रश्न सुचतो.

१६ फेब्रुवारी

रसायनाच्या पिंपावर एका माणसाच्या डोक्याचं चित्र आहे, नाकातोंडावर दोन डबड्यांचा मुखवटा घातलेला. दादाने मला ते बोट लावून दाखवलं. मी लगेच सहा मास्क मागवले. आपण काही निष्काळजी नाही. पुरवठा करणारा म्हणाला, यायला दोन-तीन आठवडे लागतील. तोपर्यंत रुमाल बांधा म्हणून सगळ्यांना सांगितलंय.

२३ फेब्रुवारी

दादाला खोकला झालाय. कोरडा, कुत्रं भुंकल्यासारखा. दर पाच मिनिटांनी काम थांबवतो, खांबाला टेकून उभा राहतो. पोरं बघत बसतात.

२ मार्च

एक गोष्ट माझ्या लक्षात आलीय आणि ती लिहायला जिवावर येतंय. काल सुट्टी होती. दादा दिवसभर घरी होता आणि एकदाही खोकला नाही. दुपारी गच्चीवर जाऊन टाकी धुतली, वहिनींशी हसत होता. आज गोदामात आला, तासाभरात खोकला सुरू. संध्याकाळपर्यंत छातीतून शिट्टी. मागच्या सुट्टीलाही असंच झालं होतं.

याचा अर्थ काय काढायचा? माझ्या हाताखाली काम करणं त्याला झेपत नाही, एवढाच. तोंडाने "चांगलं झालं" म्हणतो, पण छाती खरं बोलते. मला वाईट वाटलं. मी त्याच्या हाताखाली सतरा वर्षं राबलो, एकदा तरी खोकलो का?

७ मार्च

मास्क आले. दिसायला जबरदस्त आहेत, काळे, जाड रबराचे, दोन्ही गालांवर गोल डबड्या. साहेब त्याच वेळी सेटवर होते. त्यांनी एक उचलून नायिकेच्या, म्हणजे चार प्रवाशांतल्या बाईच्या, तोंडावर धरला, दोन पावलं मागे गेले आणि म्हणाले, "हेच. आपले प्रवासी हेच घालणार."

चौघांसाठी चार, आणि शूटिंगमध्ये खराब होतात म्हणून दोन जादाचे. झाले सहा. वेशभूषेवाल्यांनी लगेच त्यांना चंदेरी रंग मारला. मी म्हणालो, आणखी सहा मागवतो. मग इतर गडबडीत राहून गेलं. उद्या नक्की.

दादा हसला. "चला, कोणाच्या तरी कामी आले."

१२ मार्च

फुप्फुसाच्या आतला भाग पूर्ण झाला. फुग्यांवर रबर चढवून नऊशे वायुकोश केलेत, प्रत्येकाच्या आत दिवा. लाल, गुलाबी, मध्येच एखादा निळसर. भिंतींना मागून दोऱ्या बांधल्यात, पलीकडे बारा माणसं. दादा मध्ये उभा राहून हाक देतो, "घ्या... सोडा... घ्या... सोडा..." आणि सगळं फुप्फुस फुगतं, बसतं. ही दोऱ्यांची युक्ती दादाची. साहेबांनी विचारलं तेव्हा मी "आमची" म्हणालो. खोटं नव्हतं.

नायिकेला तीन तास चिकट द्रवात उलटं टांगलं. खाली उतरवली तर गळ्यापासून पोटापर्यंत पुरळ. रडायला लागली. साहेबांनी प्रकाश जवळ आणायला सांगितला. "लाल कातडी खरी दिसतेय, हिला पुसू नका. पुढचा शॉट असाच घेऊ." कठोर माणूस आहे, पण त्याशिवाय असली कामं होत नाहीत. मला असं होता आलं पाहिजे.

१५ मार्च

आजचा दिवस मोठा.

जेवणाच्या सुट्टीत दादा पायरीवर बसून धापा टाकत होता. साहेब जवळून गेले आणि थबकले. पाठ वाकवून ऐकायला लागले. मला वाटलं आता तब्येतीची चौकशी करतील. त्यांनी बोटाने ध्वनिमुद्रकाला बोलावलं. आम्ही सगळे त्याला "कानवाले" म्हणतो, कारण कानांवरचे हेडफोन तो जेवतानाही काढत नाही. साहेब म्हणाले, "हे ऐक. हेच आपलं फुप्फुस."

दादाला शर्ट काढायला लावला. छातीला एक माईक, पाठीला एक. दादा म्हणाला, "वा, फुकटात तपासणी!" सगळे हसले. मग घ्या, सोडा. घ्या, सोडा. कानवाल्यांनी हेडफोन माझ्या कानाला लावला. काय सांगू! जुन्या दाराच्या बिजागऱ्या, खाली कुठेतरी पाणी उकळतंय, आणि सगळ्यांच्या वर बारीक शीळ. दादाच्या आतून एवढं सगळं येतं? लहानपणी मी इतकी वर्षं त्याच्या शेजारी झोपलो, कधी ऐकलं नव्हतं.

साहेब म्हणाले, "जरा जिना चढून ये. दोनदा." दादा चढून आला. मग तिसऱ्यांदा.

घरी वहिनींना सांगितलं, दादाचा श्वास आता पडद्यावर जाणार. त्यांनी हातातलं भांडं खाली ठेवलं आणि दादाकडे बघितलं. दादा म्हणाला, "अगं, गंमत होती."

१८ मार्च

सकाळी पुन्हा रेकॉर्डिंग ठेवलं होतं, पण दादाची छाती जवळजवळ साफ. साहेब वैतागले. मीच सांगितलं, "सकाळी तो आवाज नाही मिळायचा. फवारणी करून आला की चांगला येतो."

साहेबांनी माझ्याकडे कौतुकाने बघितलं. "तुझं निरीक्षण आहे हं."

मग दादाला अर्धा तास फवारणीला पाठवलं, बाहेर आल्याआल्या माईक लावले. अप्रतिम मिळाला. कानवाले मात्र मध्येच हेडफोन काढून म्हणाले, "बस करा, या माणसाला डॉक्टरकडे न्या." साहेब म्हणाले, "तुझं काम ऐकण्याचं आहे." आणखी दोनदा घेतलं. तिसऱ्या वेळी दादाचे ओठ वायुकोशासारखे निळसर दिसत होते. प्रकाशामुळे असेल.

१९ मार्च

वहिनींनी मागच्या अंगणात मला गाठलं. "भावोजी, ह्यांना चार दिवस दुसरं काही काम द्या ना. कोरीव काम द्या, बाहेरचं द्या. रात्री भिंतीला टेकून बसूनच झोपतात हो."

मी समजावलं, "वहिनी, घरात मी तुमचा भावोजी. तिथे मी कलादिग्दर्शक. भावाला सवलत दिली तर बाकीचे काय म्हणतील?"

"बरं," म्हणाल्या.

इतक्या सहज ऐकतील असं वाटलं नव्हतं. उगीच कडक बोललो का? पण एकदा सैल सोडलं की सगळेच डोक्यावर बसतात. दादाला मी स्वतः विचारलं, "नको असेल तर सांग." तो म्हणाला, "तुझं पहिलं काम आहे. अर्ध्यात सोडून कुठे जाऊ?" मग प्रश्नच मिटला.

२५ मार्च

काही नाही. रबर संपलं, रबर आलं.

३१ मार्च

आजचं आजच लिहितो.

शेवटचा मोठा प्रसंग होता, खोकल्याचा. भिंती आधी हळूहळू फुगणार, मग बारा जणांनी एकदम दोऱ्या सोडायच्या, वरून शूटिंगच्या मोठ्या पंख्याने वादळ आणि चौघे तारांवरून उडत बाहेर. तीन कॅमेरे. वायुकोश फुटणार, म्हणजे एकदाच घेता येणार.

सगळं तयार झालं आणि डाव्या भिंतीला हातभर चीर दिसली. साहेबांनी घड्याळ बघितलं. दादा डबा आणि फवारा घेऊन फुप्फुसात शिरला, चिरेच्या मागच्या पोकळीत. तिथे एक माणूस जेमतेम उभा राहतो. आतून त्याचा खोकला येत होता. मग चीर मिटली, कातडी पुन्हा सलग. मी ओरडलो, "झालं का?" आतून दोनदा टकटक आली. आमची लहानपणापासूनची खूण, झालं म्हणून.

साहेब म्हणाले, "कॅमेरा."

दादाने बाहेर येऊन हाक द्यायची होती. आला नाही. बारा माणसं दोऱ्या धरून माझ्याकडे बघतायत. नायिका तारांवर लटकलेली. साहेब ओरडले, "मोज कोणीतरी!"

मी मोजलं. "घ्या... सोडा..." माझा आवाज पहिल्यांदा चिरकला, मग स्थिरावला. डाव्या भिंतीच्या खालून दादाचा बूट दिसत होता. आडवा. मला वाटलं, बाहेर यायला वेळ नाही म्हणून तिथेच खाली बसलाय, फ्रेममध्ये येऊ नये म्हणून. तो असाच शहाणपणा करतो. मी "घ्या" म्हणालो आणि भिंत त्याच्यावर रेलली, "सोडा" म्हणालो आणि भिंत त्याच्यावरून उठली. सात वेळा. मग खोकला. नऊशे वायुकोश एकदम फुटले. असं दृश्य मी आयुष्यात पाहिलं नाही.

"ओके!" साहेबांनी टोपी वर उडवली. टाळ्या. कोणीतरी मला उचललं. मी वरूनच म्हणालो, "अरे, दादा आत आहे, त्याला काढा."

कातडी कापून काढावं लागलं. कानवाले सगळ्यांच्या आधी आत घुसले. तेच त्याला खांद्यावर घेऊन शटरपर्यंत पळाले, लाथा मारून शटर वर केलं. उन्हात ठेवलं तेव्हा दादाचा चेहरा शिशासारखा होता. छाती हलत होती, पण आवाज अजिबात नाही. तो शीळ घालत नाहीये, हेच मला विचित्र वाटलं.

अॅम्ब्युलन्समध्ये मी त्याचा हात धरला. हाताला रबर वाळून चिकटलेलं. ते मी रस्ताभर सोलत होतो.

२ एप्रिल

जगला. जीव भांड्यात पडला. नळ्या लावल्यात, बोलायचं नाही असं सांगितलंय. डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं, "कशात काम करतात? खिडक्या असतात का तिथे? सुट्टीच्या दिवशी त्रास कमी व्हायचा का?"

शेवटचा प्रश्न ऐकून मला दरदरून घाम फुटला. मी म्हणालो, "लक्ष दिलं नाही."

त्या म्हणाल्या, असं होत असेल आणि पहिल्या महिन्यातच काम थांबवलं, तर माणूस बरा होतो. आता फुप्फुसांचा बराच भाग गेलाय. पुन्हा तो वास घ्यायचा नाही. जिना चढणंसुद्धा कठीण.

डॉक्टर लोक नंतर सगळं सांगतात. आधी कोण सांगतं?

६ एप्रिल

साहेब फुलं घेऊन आले होते. दहा मिनिटं थांबले. दादाच्या पायाला हात लावून म्हणाले, "तुम्ही आमच्या सिनेमाचा श्वास आहात." माझ्या डोळ्यांत पाणी आलं. वहिनींनी फुलं घेतली आणि नर्सच्या टेबलावर नेऊन ठेवली. साहेबांना चमत्कारिक वाटलं असेल.

कानवाले काम सोडून गेले. जाताना दादाच्या श्वासाचं सगळं रेकॉर्डिंग पुसून गेले म्हणे. मला संताप आला. एवढी दादाची मेहनत! साहेबांना फोन केला तर ते म्हणाले, "काळजी करू नको, माझ्याकडे प्रत आहे." हा माणूस पुढचं बघतो.

१४ एप्रिल

रुग्णालयाने कळवलं म्हणून सरकारी चौकशी लागलीय. निर्मात्यांच्या वकिलांनी परवा मला बोलावलं. नम्र गृहस्थ. त्यांच्यासमोर दोन कागद होते. एकावर लिहिलं होतं की कामगारांना सहा मास्क दिले होते. मास्क मागवल्याची माझ्याच सहीची चिठ्ठी सोबत जोडलेली. मी म्हणालो, "मागवले होते, हे खरं आहे." ते म्हणाले, "मग सही करायला काय हरकत?" केली.

दुसऱ्या कागदावर पंख्यांचा प्रश्न होता, पंखे कोणाच्या सांगण्यावरून बंद झाले. वकील म्हणाले, "साहेबांनी सांगितलं नव्हतं. हे तुम्ही दोघं भाऊ ठरवा." ती जागा कोरी ठेवून मी उठलो.

दोन दिवस घास उतरत नाहीये.

१७ एप्रिल

तपासणी अधिकारी बाई आज दादाच्या खाटेशी आल्या होत्या. मी, वहिनी, वकील, सगळे उभे. दादाच्या नाकात नळी. तीन शब्द बोलला की थांबतो.

बाईंनी विचारलं, "पंखे कोणी बंद केले?"

मी खिडकीकडे बघत होतो. मनात म्हणत होतो, आता माझं नाव येणार. आलं तर येऊ दे. नाही, येऊ नये असंच म्हणत होतो. इथे तरी खरं लिहू.

दादा म्हणाला, "मी."

"तुम्ही स्वतः? आत फवारणी चालू असताना?"

"रबराला... सुरकुत्या पडायच्या. धाकटा... नको म्हणत होता. मीच... ऐकलं नाही."

बाईंनी लिहून घेतलं. "म्हणजे तुमच्याच चुकीने झालं, असं तुमचं म्हणणं?"

"हो."

"असं लिहिलं तर तुम्हाला भरपाई मिळणार नाही. समजतंय का?"

"समजतंय."

वहिनी खाटेच्या कडेला धरून उभ्या होत्या. त्यांनी दादाकडे बघितलं नाही. सगळा वेळ माझ्याकडे बघत होत्या. मी म्हणालो, "दादा, बोलू नकोस जास्त, त्रास होतो." तो माझ्याकडे बघून हसला. लहानपणी मी काच फोडली की शेजाऱ्यांसमोर असाच हसायचा.

मी बाहेर येऊन बराच वेळ बाकावर बसलो. औषधांमुळे त्याच्या आठवणीत गोंधळ झाला असेल. किंवा खरंच त्यानेही तेव्हा तसं काही म्हटलं असेल, माझ्याच लक्षात नसेल. "वास कोंडतो" म्हणाला होता हे आठवतं, पण नेमक्या कोणत्या दिवशी? शिवाय त्याने स्वतःच्या तोंडाने सांगितलंय. आता मी उठून काही वेगळं बोललो तर आजारी माणसाला खोटं पाडल्यासारखं होईल. त्याने त्याला किती लागेल!

रात्री पोटभर जेवलो, बाहेरच.

२६ एप्रिल

साहेबांनी पुढच्या सिनेमासाठी विचारलं. समुद्राच्या तळाची गोष्ट आहे. दोन शहरं सोडून लांब एका मोठ्या शेडमध्ये काम, सहा महिने तिथेच राहायचं. मी लगेच हो म्हणालो. दादाला सांगितलं तर त्याने माझा हात दाबला. "मोठी शेड... आहे का? वर... पंखे बघून घे." मी म्हणालो, तू आता कसला विचार करू नकोस.

वहिनींना कसं सांगावं हे कळेना. दादा अजून रुग्णालयात, आणि मी निघालो, हे त्यांना बरं वाटणार नाही. उद्या सांगतो.

२७ एप्रिल

मी उगीचच घाबरत होतो.

दुपारी घरी गेलो तर माझी बॅग दाराशी तयार. वहिनींनी माझे सगळे शर्ट इस्त्री करून घड्या घातल्या होत्या. दाढीचं सामान, चपला, मागच्या खोलीतली पुस्तकं दोरीने बांधलेली, आईचा फोटोसुद्धा रुमालात गुंडाळून वर ठेवलेला. काही म्हणजे काही राहिलं नव्हतं. मी तर अजून नव्या कामाचं बोललोही नव्हतो. पण त्यांना न सांगता कळतं. मला सातवीपासून त्यांनी सांभाळलंय.

मी म्हणालो, "वहिनी, एवढं सगळं कशाला? सहाच महिने तर आहेत."

त्या म्हणाल्या, "किल्ली द्या."

मागच्या खोलीची किल्ली मी काढून दिली. मी नसताना झाडलोट करावी लागेल, म्हणून असेल. त्यांनी ती मुठीत धरली. मी नमस्कार करायला वाकलो तर पाय मागे घेतले. त्यांना हल्ली मान दिलेला आवडत नाही.

"दादाला आणायच्या दिवशी मी येईन," मी म्हणालो.

"नका येऊ."

"का हो?"

"ह्यांना बोलायला लागतं."

बरोबर आहे. मी आलो की दादा बोलत बसतो, त्याला दम लागतो. मी बॅग उचलली, फाटकापर्यंत गेलो, वळून हात करायला थांबलो. दार तोवर बंद झालं होतं. आतून कडी घातल्याचा आवाज आला, मग वरची, मग खालची. भर दुपारी त्या कधी कडी लावत नाहीत. घरात एकट्याच आहेत, काळजी घेतायत ते बरंच आहे.